मक्यासाठी शेतात पत्र्याची कोठी: घेण्याआधी, बांधताना आणि भरताना काय बघायचं

मका निघतो त्याच महिन्यात बाजार पडलेला असतो, हे कुणाला नव्याने सांगायला नको. २०२५-२६ ला हमीभाव २४०० रुपये होता आणि खरिपाचा माल बाजारात आला तेव्हा भाव त्याच्या खाली होते, आणि त्याआधी इथेनॉलवाल्यांनी मका उचलायला सुरुवात केली तेव्हा ज्याच्या घरात माल शिल्लक होता त्याला चार पैसे जास्त मिळाले, हे दोन्ही आपण बघितलंय. त्यामुळे हल्ली सिल्लोड, कन्नड, येवला, मालेगाव सगळीकडे एकच प्रश्न येतो, की कांद्याला चाळ असते तशी मक्याला काही सोय करता येते का. येते. पत्र्याची गोल कोठी, ज्याला कंपनीवाले सायलो किंवा ग्रेन बिन म्हणतात. मी हे सगळं करून बसलोय, त्यामुळे ज्यांना पहिल्यांदा करायचंय त्यांच्यासाठी सुरुवातीपासून लिहितो. मोठ्या व्यापाऱ्यांचे पाच हजार टनांचे सायलो हा विषय वेगळा, इथे १०० ते ४०० क्विंटलवाल्या शेतकऱ्याचं बोलतोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात घालून घ्या. कोठी मका वाळवत नाही. जसा माल आत टाकाल त्यापेक्षा चांगला कधीच बाहेर येणार नाही. निम्मे लोक कोठीवर पैसे घालतात आणि वाळवणीला जागाच ठेवत नाहीत, मग फेब्रुवारीत झाकण उघडलं की आंबट वास.

१. आधी हिशोब, मग कोटेशन

साठवून फायदा होतोच असं नाही, हे कोटेशन घ्यायच्या आधी मान्य करा. समजा काढणीला भाव १८०० आहे आणि तुम्ही पाच महिने थांबणार. महिन्याला एक टक्का व्याज धरलं तरी क्विंटलमागे ९० रुपये नुसते थांबण्याचे गेले. त्यात भरायची-काढायची हमाली, वाळवणीची मजुरी, आणि कोठीच्या खर्चाचा वाटा. हा वाटा काढायचा सोपा हिशोब असा, की पाया-मजुरी-मोटर सगळं धरून एकूण खर्चाला कोठीच्या क्विंटलने भागा आणि मग पुन्हा १५ वर्षांनी भागा. येईल तो आकडा दर क्विंटलला दर वर्षी. एवढं सगळं वजा करून वर काही उरतंय का ते बघा. उरत नसेल तर दहा एकर मकावाल्यानेसुद्धा कोठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पैशाची निकड असेल तर दुसरा रस्ता आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे, त्यात मका बसतो, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. पण त्यासाठी माल बाजार समितीच्या गोदामात ठेवावा लागतो. स्वतःच्या शेतातल्या कोठीतल्या मालावर हे कर्ज मिळत नाही, आणि हे बऱ्याच जणांना कोठी भरून झाल्यावर कळतं. तेव्हा घरात लग्न, दवाखाना, रब्बीची खतं असं काही समोर दिसत असेल तर अर्धा माल तारण आणि अर्धा कोठीत, हे वाईट नाही.

२. माप किती घ्यायचं

इथे विक्रेता तुम्हाला टनात सांगणार, तुम्ही क्विंटलमध्ये विचार करणार आणि गवंडी फुटात. तिघांचं जमवायला एकच आकडा पाठ करा: एक घनफूट कोरडा मका म्हणजे साधारण साडेवीस किलो. गोल कोठीचे घनफूट काढायचे तर व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले उंची. म्हणजे

- १० फूट व्यास, १० फूट उंची: साधारण १६० क्विंटल
- १२ फूट व्यास, १२ फूट उंची: साधारण २७५ क्विंटल
- १४ फूट व्यास, १२ फूट उंची: साधारण ३७५ क्विंटल

उंची म्हणजे सरळ भिंतीची, वरच्या टोपीची धरायची नाही. कोटेशनमध्ये काही जण टोपीसकट क्षमता लिहितात, ती कधीच भरता येत नाही, कारण वर हवा खेळायला आणि माणसाला डोकावायला जागा लागते.

पाच-सहा एकर खरीप मका असेल तर १० बाय १० पुरते. मोठी एक घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या असं मी म्हणेन, जरी पत्रा थोडा जास्त लागला तरी. एकीत किडा किंवा बुरशी लागली तर दुसरी वाचते, आधी वाळलेला आणि नंतर वाळलेला माल वेगळा राहतो, आणि व्यापाऱ्याला अर्धाच माल द्यायचा असेल तर उरलेली कोठी उघडावी लागत नाही.

२०-३० क्विंटलच ठेवायचं असेल, म्हणजे घरच्या जनावरांना आणि कोंबड्यांना, तर हे सगळं वाचायची गरजच नाही. विद्यापीठांनी सुचवलेल्या लहान पत्र्याच्या कोठ्या मिळतात, पुसा पद्धतीची विटा-मातीची आत प्लॅस्टिकचा थर दिलेली कोठी गवंडी बांधून देतो, आणि हवाबंद पिशव्यासुद्धा चांगल्या निघाल्यात.

३. कागदपत्रं आणि पैसे

स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या मालासाठी, छोटी कोठी उभी करायची तर फार कागद नाहीत. ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला आधी विचारून घ्या एवढंच, कारण गावठाणाजवळची जमीन, रस्त्यापासूनचं अंतर, वरून गेलेली विजेची लाइन यावरून नंतर भांडणं होतात. दुसऱ्याचा माल भाड्याने ठेवायचा विचार असेल तर तो धंदा झाला, त्याचे बिगरशेती वगैरे नियम वेगळे.

कर्ज काढणार असाल तर कृषी पायाभूत सुविधा निधी बघा. २०२० ला सुरू झालेली केंद्राची योजना, यात २ कोटीपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते, जास्तीत जास्त सात वर्षं. अर्ज ऑनलाइन, पण कर्ज शेवटी बँकच देते, त्यामुळे आधी आपल्या शाखेच्या मॅनेजरला भेटा, पोर्टलवर नंतर जा. उलटं केलं तर पोर्टलवर अर्ज पडून राहतो.

नाबार्डमार्फत येणारं गोदाम-साठवणुकीचं अनुदान पण आहे, पण ते कर्जाशी जोडलेलं असतं आणि त्याला किमान क्षमतेची अट असते, ती ५० टनांची म्हणजे ५०० क्विंटलची, त्यामुळे एकट्या लहान शेतकऱ्याची कोठी त्यात बसत नाही. चार-पाच भाऊबंद किंवा शेतकरी कंपनी मिळून केलं तर बसते.

फाइलला साधारण हे लागतं:

- सातबारा आणि आठ-अ, ताजे
- आधार, पॅन, पासबुक
- शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ॲग्रीस्टॅकचा फार्मर आयडी, हा नसेल तर आधी तो काढा
- कोठीचं कोटेशन, जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याचं, शक्यतो दोन-तीन
- पायाचं इस्टिमेट आणि जागेचा नकाशा
- छोटासा प्रकल्प अहवाल, बँक सांगेल त्या नमुन्यात
- जमिनीत भावांची नावं असतील तर संमतीपत्र

सापळा एकच आणि नेहमीचा: मंजुरीचं पत्र हातात यायच्या आधी काम सुरू करायचं नाही. गवंडी रिकामा आहे, सिमेंट स्वस्त मिळतंय, पाया तरी घालून घेऊ असं वाटतं आणि मग पाहणीला आलेला माणूस म्हणतो काम तर आधीच झालंय. आणि अनुदान हे मागून येतं, आधी सगळा पैसा आपलाच फिरवावा लागतो.

४. जागा

उंचवटा बघा. पावसात ज्या कोपऱ्यात पाणी थांबतं तिथे कितीही उंच ओटा केला तरी ओल चढते. ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल आणि नोव्हेंबरात तसंच जूनमध्येही गाडी जाईल असा रस्ता पाहिजे, कारण भाव वाढला तो नेमका पहिल्या पावसाच्या आठवड्यात वाढला तर चिखलातून माल काढणार कसा. विहिरीच्या, गोठ्याच्या, उकिरड्याच्या जवळ नको. मोठ्या झाडाखाली तर अजिबात नको, सावली चांगली वाटते पण फांदी पडते, पाला टोपीवर कुजतो, आणि उंदरांना वर चढायचा जिना आयता मिळतो.

वाळवायचं खळं कोठीच्या शेजारीच ठेवा. कोब्याचं असेल तर उत्तम. हे अंतर जेवढं कमी तेवढी दर वर्षाची हमाली कमी.

५. पाया, यात काटकसर नाही

१० बाय १० ची कोठी भरली की १६ टन वजन त्या सव्वासात चौरस मीटरच्या गोलावर बसतं, म्हणजे चौरस मीटरला सव्वादोन टन. मुरमाड जमिनीवर काही वाटत नाही. पण आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि एका बाजूने पाया दोन इंच जरी बसला तरी कोठी तिरकी होते, बोल्टची भोकं लांबतात, पत्रा सुरकुततो. पत्र्याची कोठी गोल आणि उभी आहे तोवरच मजबूत, वाकली की तिच्यात जोर राहत नाही.

म्हणून काळी माती पूर्ण काढा, मुरूम लागेपर्यंत. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला बोलवा, शंभर-दोनशे क्विंटलसाठी त्याची फी जड वाटत असली तरी. खड्ड्यात कठीण मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुम्मस करायचा, मग पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, त्यावर जाड प्लॅस्टिक कागद, त्यावर सळईची जाळी टाकून आरसीसी स्लॅब. तो कागद विसरू नका. सिमेंट बाहेरून कोरडं दिसलं तरी जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि सगळ्यात खालचा वीतभर मका काळा पडतो, ते कोठी रिकामी होईपर्यंत दिसतही नाही.

स्लॅबची उंची आजूबाजूच्या जमिनीपासून दोन-अडीच फूट ठेवा. पाण्यासाठी एवढी लागत नाही, उंदीर-घुशींसाठी लागते. आणि अजून एक, कोठीच्या आतला गोल बाहेरच्या कडेपेक्षा दोन इंच उंच घ्या आणि बाहेरची कड बाहेरच्या बाजूला उतरती करा. पावसाचं पाणी पत्र्यावरून ओघळून खाली येतं, कड सपाट असली की ते पत्र्याच्या खालून आत शिरतं. गवंड्याला हे आधी चित्र काढून दाखवा, नाहीतर तो सवयीने एकसारखा गुळगुळीत ओटा करून मोकळा होतो.

फाउंडेशन बोल्ट कुठे येणार ते कोठीवाल्याकडून नकाशा घेऊनच ठरवा. एप्रिल-मेच्या वादळात रिकामी कोठी उडते, भरलेली उडत नाही. आणि आपल्याकडे त्याच महिन्यांत कोठ्या रिकाम्या असतात.

स्लॅबला पाणी मारून निदान पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, मगच पत्रे उभे करा.

६. कोठी विकत घेताना काय विचारायचं

तयार किट मिळतं, नाहीतर तालुक्याचा फॅब्रिकेशनवाला बनवून देतो. दुसरा स्वस्त पडतो, आणि तो चांगला असेल तर हरकत नाही, पण खालचे प्रश्न दोघांनाही विचारा.

पत्रा किती जाड? गेज सांगतील, तुम्ही मिलिमीटर विचारा आणि डिलिव्हरीच्या वेळी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावून मोजा. मक्याचा दाब तळाला जास्त असतो म्हणून चांगल्या कोठीत खालच्या कड्याचा, म्हणजे पत्र्याच्या गोल पट्ट्याचा, पत्रा जाड आणि वरचा पातळ असतो, त्यावर खुणा असतात, उभारताना खालचा वर आणि वरचा खाली झाला तर कोठी पहिल्याच भरणीत फुगते.

झिंकचा थर किती? हा जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असा असतो. घराच्या छपराला वापरतात त्या पत्र्याला १२० पण असतो, कोठीला निदान २७५ पाहिजे, किटवाले ४५० किंवा ६०० सुद्धा देतात. साध्या काळ्या पत्र्याला रंग मारून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. रंग आतून मक्याच्या घासण्याने जातो आणि गंज चढतो.

बोल्ट कसले? गॅल्व्हनाइज्ड, आणि प्रत्येकाला रबर वायसर. मोजून घ्या, वर दहा टक्के जास्तीचे मागा.

तळ सपाट की नरसाळ्याचा? नरसाळ्याचा म्हणजे खाली निमुळता, पायांवर उभा, माल आपोआप घसरतो, झाडायला माणूस आत जावा लागत नाही. पण महाग, आणि मोठ्या मापाला पायांचा खर्च फार. १०० क्विंटलपर्यंत नरसाळं, त्याच्या वर सपाट तळ, असं साधारण चालतं. नरसाळ्याचा उतार ४५ अंशांच्या आसपास पाहिजे, कमी असला की शेवटचा माल अडकतो.

सपाट तळाला माल काढायचं तोंड मध्यभागी आहे ना? हे फार महत्त्वाचं. भिंतीत खिडकी ठेवून त्यातून माल काढायची सोय काही जण देतात, दिसायला सोपी, पण भरलेल्या कोठीतून एका बाजूनेच माल काढला की त्या बाजूचा दाब बदलतो आणि पत्रा आत दबतो, कोठी वाकडी होते. आधी मधल्या तोंडातून काढायचं, शेवटचा राहिलेला ढीग काढायला बाजूचं दार.

शिवाय वर माणूस जाईल एवढं झाकण, टोपीला हवा जायची जाळी, बाहेरून शिडी, आणि भाडं, जीएसटी, उभारणी हे कोटेशनमध्ये धरलंय की सोडलंय, ते लिहून घ्या. तोंडी कबूल केलेली उभारणी नंतर दोन हेल्पर तुम्ही द्या, क्रेन तुम्ही द्या, जेवण तुम्ही द्या अशी वाढत जाते.

७. उभारणी

बघणाऱ्याला उलटं वाटतं पण पद्धत अशी, की सगळ्यात वरचं कडं आणि टोपी आधी जमिनीवरच जोडायची, मग जॅक लावून सगळं वर उचलायचं आणि खालून पुढचं कडं जोडायचं, असं करत सगळ्यात शेवटी तळाचं कडं. यामुळे उंचावर चढून काम करावं लागत नाही. वारा असेल त्या दिवशी जॅकवर काम करू देऊ नका, कंत्राटदाराला कितीही घाई असली तरी.

तुम्ही उभं राहून तीन गोष्टी बघा. वरचा पत्रा खालच्या पत्र्याच्या बाहेरून येतोय ना, म्हणजे पाणी सांध्यात शिरत नाही. बोल्ट आधी सैल आणि कडं पूर्ण गोल झाल्यावर घट्ट होतायत ना. आणि तळाचं कडं स्लॅबवर बसताना त्याखाली सीलंटची पट्टी पूर्ण गोल फिरलीय ना, तुटक नाही. झालं की रात्री आत बॅटरी लावून बाहेरून फिरा, जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येणार. किंवा दिवसा आत उभं राहून झाकण लावून बघा, तेच.

८. हवेची सोय

लोक हा खर्च वगळतात आणि मग पस्तावतात. नोव्हेंबरात मका उबदार भरला जातो, डिसेंबर-जानेवारीत रात्री टोपी गार पडते, आतली उबदार हवा वर जाऊन पत्र्याखाली थेंब धरते आणि ते पाणी वरच्या थरावर पडतं. मका कोरडाच भरला होता तरी वर पापडी कशी धरली, असं विचारतात ना, ते हे. उपाय म्हणजे सगळी रास बाहेरच्या हवेएवढी गार करून टाकायची. तळाला जाळीची नळी किंवा भोकांचा तळ आणि बाहेरून छोटा ब्लोअर, म्हणजे हवा आत ढकलणारा पंखा. टनाला तासाला सहा-सात घनमीटर हवा पुरते, म्हणजे १६० क्विंटलला अर्ध्या एचपीचा ब्लोअर पुरून उरतो. अगदी कमी हवा दिली तर रास पूर्ण गार व्हायला सव्वाशे-दीडशे तास जातात, म्हणजे थंडीतल्या दहा-बारा रात्री. धुकं-दव असेल त्या पहाटे बंद. आणि पावसाळ्यात ब्लोअर अजिबात लावायचा नाही, ती दमट हवा आत ढकलली की १३ टक्क्यांचा मका पुन्हा ओल धरतो. ब्लोअरच्या तोंडाला झाकण पाहिजे, नाहीतर बंद असताना तिथूनच उंदीर जातो.

सिंगल फेज विजेवर चालणारी मोटर घ्या, कारण शेतातली थ्री फेज चक्राने येते आणि रात्री तुम्हाला हवी तेव्हा असेल याची खात्री नाही. पंपाच्या कनेक्शनवर जोडायच्या आधी वीज कार्यालयात विचारा.

९. वाळवणी आणि ओलावा

काढणीला मका २० टक्के, कधी २५ टक्के ओला असतो. सरकारी खरेदीची हद्द १४ टक्के आहे. पण पाच-सहा महिने ठेवायचा असेल तर १२ ते १३ वर आणा. १०० क्विंटल २० टक्क्यांचा मका १३ वर आला की ९२ क्विंटल भरतो, बाकीचं आठ क्विंटल पाणी उडालेलं असतं, त्यामुळे मजुराने चोरला का असा संशय घेऊ नका.

खळ्यावर थर दोन-अडीच इंचांपेक्षा जाड नको, तासाभराने दाताळं फिरवा, संध्याकाळी गोळा करून ताडपत्री. डांबरी रस्त्यावर वाळवू नका, खडी आणि माती येते, आणि अपघात होतात. मळणी यंत्राची चाळणी आणि वेग नीट लावा, फुटका दाणा म्हणजे किडीला आणि बुरशीला उघडं दार. ड्रायरवर नेणार असाल तर ते ठीकच, बियाण्याचा असेल तर तापमान ४३ अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

मॉइश्चर मीटर घ्याच. कोठीच्या खर्चात तो दिसतही नाही. आणि त्याचा आकडा एकदा व्यापाऱ्याच्या किंवा बाजार समितीच्या मीटरशी पडताळून ठेवा. मीटर नसेल त्या दिवशी जुनी युक्ती: कोरड्या काचेच्या बाटलीत मका आणि चमचाभर खडखडीत वाळलेलं मीठ, दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या वर आहे, भरू नका. चिकटलं नाही म्हणजे १२ झाला असं मात्र नाही, तेवढ्यापुरतीच ही युक्ती.

उन्हातला गरम मका दुपारी थेट कोठीत टाकू नका. रात्रभर ताडपत्रीखाली गार होऊ द्या, सकाळी भरा.

१०. भरताना

आधी रिकामी कोठी झाडून घ्या, सांध्यातले मागच्या वर्षीचे दाणे काढा, सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे किडे, तिथेच दबा धरून असतात. आतून आणि ओट्याभोवती साठवणुकीच्या जागेसाठी मान्य असलेलं औषध लेबलवरच्या मात्रेत फवारा, पूर्ण वाळू द्या. कडुलिंबाचा पाला डब्यात ठीक आहे, दीडशे क्विंटलला त्याचा काही उपयोग होत नाही.

मका चाळून भरा. भरताना कचरा, भुसा आणि फुटका दाणा नेमका मधोमध, भरायच्या नळीखाली साचतो आणि तिथून हवा जात नाही, गरमी तिथेच धरते. म्हणून कोठी भरली की खालच्या मधल्या तोंडातून चार-पाच क्विंटल काढून घ्या, तो गाभ्यातला कचरा त्याच्याबरोबर येतो. तो माल आधी विका किंवा जनावरांना, पण बुरशीचा असेल तर जनावरांनाही नको, बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं आणि कोंबड्यांना तर फारच बाधतं. पोल्ट्रीवाले म्हणूनच डागी मका परत पाठवतात. शेवटी वरचा ढीग फावड्याने सपाट करा.

११. इथे जीव जातो, हे नीट वाचा

खालून माल निघत असताना कुणीही आत उतरायचं नाही. मका पाण्यासारखा ओढून घेतो, काही सेकंदांत माणूस कमरेपर्यंत जातो आणि मग दोघातिघांनी ओढूनही निघत नाही. पापडी धरलेला माल वरून टणक दिसतो आणि खाली पोकळी असते, त्यावर पाय ठेवायचा नाही, बाहेरून बांबूने फोडायची. उतरावंच लागलं तर आधी मोटरचं बटण बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा, कमरेला दोर, दोर धरणारा बाहेर. पोरांना शिडीला हात लावू देऊ नका, शिडीची खालची पायरी काढता येणारी करून घ्या.

दुसरं, धुरीच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाईड. दुकानात ओळखीने मिळतात, पण नियमाप्रमाणे त्या फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरी करणाऱ्यांनीच वापरायच्या आहेत. त्याचा गॅस जीवघेणा आहे आणि त्यावर उतारा नाही. घराला लागून कोठी असेल तर गॅस भिंतीच्या फटीतून घरात येतो आणि झोपलेली माणसं जातात, अशा बातम्या दर वर्षी असतात. किडा दिसला तर परवाना असलेल्या माणसाला बोलवा, नाहीतर सरळ माल विकून टाका.

१२. पुढचे महिने

दर आठ-दहा दिवसांनी झाकण उघडून नाक आत घाला. आंबूस, कुबट वास आला तर काहीतरी चाललंय. लांब सळई मक्यात खुपसून दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून हाताने चाचपा, कुठे कोमट लागली तर तिथे गरमी धरलीय, ब्लोअर लावा, दोन दिवसांत उतरली नाही तर कोठी रिकामी करायला घ्या. महिन्यातून एकदा तळाच्या तोंडातून बादलीभर काढून चाळणीवर बघा, सोंडे दिसतात का.

मेच्या पुढे ठेवायचं की नाही हे एप्रिलमध्येच ठरवा. तोवर रब्बीचा मकाही बाजारात आलेला असतो, आणि पाऊस सुरू झाला की ओलावा सांभाळणं पत्र्याच्या कोठीत अवघड होतं. माझं म्हणाल तर मृगाच्या आधी कोठी रिकामी, भाव मनासारखा असो नसो. रिकामी झाली की झाडून, झाकणं लावून, फाउंडेशन बोल्ट पान्याने एकदा घट्ट करून घ्या आणि सीलंट कुठे सुटलंय ते बघा, पहिलं वादळ त्याच सुमाराला येतं.